ट्रेलरमधला फ्रीज आणि उष्णतेचा हिशेब

मोटारीला मागे जोडून ओढून नेले जाणारे, आत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि न्हाणीघराची सोय असलेले चाकांवरचे घर अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर या नावाने ओळखले जाते. या उद्योगाचे केंद्र इंडियाना राज्यातील एल्कहार्ट शहर व त्याचा परिसर हे आहे. तेथील अनेक कारखान्यांनी २०२०च्या आसपास ट्रेलरमधील गॅसवर चालणारा फ्रीज काढून त्या जागी १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रीज बसवण्यास सुरुवात केली. जुन्या ट्रेलरचे मालकही आता तोच बदल करू लागले आहेत. फ्रीज निवडताना पहिला प्रश्न सहसा ‘किती लिटरचा?’ असा असतो. परंतु बॅटरीवरच्या फ्रीजच्या बाबतीत लिटरचा आकडा सर्वांत शेवटी ठरवायचा असतो. फ्रीजमध्ये दिवसाकाठी किती उष्णता शिरणार, ती बाहेर काढण्यास किती वीज लागणार आणि ती वीज कोठून येणार, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून त्या आकड्याला अर्थ येत नाही.

गॅसवरच्या फ्रीजचा इतिहास बराच जुना आहे. स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयात शिकणाऱ्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये त्याची रचना केली आणि १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्स कंपनीने ती विकत घेतली. या रचनेत हलणारा एकही भाग नाही. ज्योतीच्या उष्णतेने पाण्यात विरघळलेला अमोनिया वायुरूपात बाहेर पडतो, वरच्या नळ्यांत थंड होऊन द्रव बनतो, मग हायड्रोजन भरलेल्या नळीत उतरून तेथे पुन्हा बाष्प होतो आणि त्या बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता फ्रीजच्या आतून ओढून घेतो. शेवटी तो पाण्यात विरघळतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. अमोनिया पाण्यात शोषला जात असल्यामुळे या प्रकाराला शोषण फ्रीज म्हणतात. त्याचा मोठा गुण म्हणजे नऊ किलोच्या एका प्रोपेन सिलिंडरवर तो दहा-बारा दिवस सहज चालतो आणि बॅटरीकडून नियंत्रक मंडलापुरती किरकोळ वीज घेतो.

त्याचे दोषही याच रचनेतून निघतात. द्रव केवळ गुरुत्वाकर्षणाने वाहत असल्यामुळे ट्रेलर जवळजवळ समतल उभा असावा लागतो. तो तिरका ठेवून फ्रीज बराच वेळ चालू राहिला, तर द्रव नळ्यांत अडकतो, बॉयलरची नळी प्रमाणाबाहेर तापते आणि यंत्रणा कायमची बिघडते. कोलोरॅडोसारख्या उंच प्रदेशात हवा विरळ असल्याने ज्योत नीट जळत नाही, आणि बाहेरचे तापमान चाळिशीकडे गेले की आतले तापमान वर सरकू लागते. मांसाहारी पदार्थ आणि दूध ४ अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली ठेवावे, असे अमेरिकेचे कृषी खाते सांगते, आणि भर उन्हाळ्यात या मर्यादेत राहणे शोषण फ्रीजला अवघड जाते. त्यात आगीची भीती आहेच. इलेक्ट्रोलक्सच्या याच शाखेतून पुढे निर्माण झालेल्या डोमेटिक कंपनीने बॉयलरच्या नळीला तडा जाण्याच्या शक्यतेमुळे २००६ मध्ये असे फ्रीज मोठ्या संख्येने सुधारणेसाठी परत बोलावले होते. तरीही, वीजजोडणी नसलेल्या जागी हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे मुक्काम करणाऱ्याने, ज्याच्या छतावर सौर पट्टीही नाही, आपला चालू स्थितीतला गॅसचा फ्रीज केवळ नव्याच्या हौसेने काढून टाकू नये.

कॉम्प्रेसरच्या फ्रीजचे तत्त्व घरातल्या फ्रीजचेच आहे. विद्युत मोटर शीतक वायूवर दाब देते, तो मागच्या जाळीत आपली उष्णता सोडून द्रव होतो आणि आतल्या पत्र्यामागे पसरून उष्णता शोषून घेतो. फरक मोटरचा आहे. बॅटरीची वीज एकदिश, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी असते. तिच्यावर थेट चालणारे छोटे सीलबंद कॉम्प्रेसर डेन्मार्कमधील आल्स बेटावरच्या डॅनफॉस कंपनीने नावारूपाला आणले. तिचा हा व्यवसाय २०१० पासून सेकॉप या नावाने स्वतंत्र झाला असला, तरी नावाडी आणि ट्रेलरवाले यांच्या तोंडी आजही ‘डॅनफॉस’च असते. त्यातले बीडी३५ हे प्रतिमान मिनिटाला २००० ते ३५०० फेऱ्यांच्या दरम्यान वेग बदलू शकते आणि गरज कमी असताना मंद गतीने चालून वीज वाचवते. जुन्या फ्रीजमध्ये आर१३४ए हा वायू असे, ज्याची वातावरण तापवण्याची क्षमता कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे १४०० पट आहे; नव्यांमध्ये त्याची जागा आयसोब्युटेन घेत आहे. तो ज्वलनशील असला, तरी त्याची मात्रा काही ग्रॅमांत मोजावी इतकीच असते.

विजेच्या खर्चाचा मुख्य भाग कॉम्प्रेसरपेक्षा भिंतींवर ठरतो. ९० लिटरचा, चार सेंटिमीटर जाडीच्या पॉलियुरेथेन फोमचा (आपल्याकडचे दुरुस्ती करणारे त्याला ‘पफ’ म्हणतात) फ्रीज घेतला, बाहेर ३२ आणि आत ४ अंश धरले, तर भिंतींतून व दाराच्या रबरातून मिळून सुमारे २५ वॅट उष्णता अखंड आत झिरपते, म्हणजे दिवसाला ६०० वॅट-तास. एक एकक वीज खर्चून हा कॉम्प्रेसर साधारण सव्वापट उष्णता बाहेर टाकतो असे मानल्यास दिवसाला सुमारे ४८० वॅट-तास वीज लागते. १२ व्होल्टच्या बॅटरीच्या भाषेत ती ४० ॲम्पिअर-तास भरते. ॲम्पिअर-तास म्हणजे एक ॲम्पिअरचा प्रवाह एक तास वाहिला असता खर्च होणारा विद्युतभार. हाच फोम सहा सेंटिमीटरचा केला, तर भिंतींतून शिरणारी उष्णता एक-तृतीयांशाने घटते. मात्र बाहेरचे माप तेच राहिल्यास आतली जागा ९० लिटरवरून ७० लिटरच्या आसपास येते. ट्रेलरमधील कोनाड्याचे माप ठरलेले असल्याने ग्राहकाला खरी निवड येथेच करावी लागते. एकाच बाह्यमापाच्या दोन फ्रीजपैकी ज्यात लिटर जास्त, त्याच्या भिंती बहुधा पातळ असतात, ही गोष्ट माहितीपत्रकात कोठेही छापलेली नसते.

या ४० ॲम्पिअर-तासांच्या गरजेला बॅटरी पुरेल का, हे तिच्या प्रकारावर अवलंबून आहे. १०० ॲम्पिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी अर्ध्याहून अधिक रिकामी केली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, त्यामुळे वापरण्याजोगे ५० ॲम्पिअर-तासच उरतात. दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा यांचा वाटा काढल्यावर फ्रीजला एक दिवसही जेमतेम मिळतो. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि तिचे वजन शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी असते. पण गोठणबिंदूखालील तापमानात ती चार्ज करता येत नाही, आणि मिनेसोटासारख्या राज्यात हिवाळी प्रवास करणाऱ्याने हे आधीच लक्षात घ्यावे लागते. कारखान्यांच्या हिशेबातली गफलत येथे उघडी पडते. २८० लिटरचा प्रशस्त, दोन दारांचा फ्रीज बसवून त्याच्या जोडीला एकच शिशाची बॅटरी देण्याची पद्धत बरीच चालली. त्या आकाराच्या फ्रीजला उन्हाळ्यात दिवसाला ८० ते १०० ॲम्पिअर-तासही लागू शकतात, आणि वीजजोडणी नसलेल्या पहिल्याच मुक्कामात पहाटेपर्यंत बॅटरी संपते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील सरकारी जमिनींवर, जेथे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट बहुतेक ठिकाणी १४ दिवसांपर्यंत मुक्कामाची मुभा देते, तेथे जाऊ इच्छिणाऱ्याने असा ट्रेलर घेताना बॅटरीचा वाढीव खर्च किमतीत धरूनच चालावे.

बॅटरी भरलेली असूनही फ्रीज बंद पडतो, अशी तक्रार वारंवार आढळते आणि तिचे मूळ बहुतेक वेळा वायरीत असते. चाळीच्या सर्वांत वरच्या मजल्यावरच्या नळाला जसा खालच्याइतका दाब मिळत नाही, तसेच लांब व बारीक वायरीच्या टोकाशी व्होल्ट कमी पोहोचतात. बॅटरीपासून फ्रीज सहा मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन बारा मीटर तांबे लागते. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीतून पाच ॲम्पिअर वाहताना सुमारे ०.४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो, तर सहा चौरस मिलिमीटरच्या वायरीत ही घट ०.२ व्होल्टच्याही आत राहते. कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी प्रवाह वाढतो आणि घटही वाढते. फ्रीजमधील नियंत्रक बॅटरीच्या संरक्षणासाठी ठराविक व्होल्टच्या खाली पुरवठा तोडतो, आणि तो मोजमाप करतो ते स्वतःच्या अग्रांपाशी, बॅटरीपाशी नव्हे. बीडी मालिकेत ही मर्यादा कारखान्यातून येताना १०.४ व्होल्ट असते, जी शिशाच्या बॅटरीसाठी फारच खालची आहे, कारण तेथवर पोहोचलेली बॅटरी पार रिकामी झालेली असते. एक छोटा रोधक जोडून ही मर्यादा वर नेता येते. याच नियंत्रकाला एक दिवा जोडता येतो, जो बिघाडानुसार एक ते पाच वेळा लुकलुकतो. एकदा लुकलुकला तर व्होल्ट अपुरे, तीनदा लुकलुकला तर मोटर सुरू होऊ शकली नाही, असा त्याचा अर्थ असतो. हा दिवा ज्या फ्रीजमध्ये समोर दिसेल असा बसवलेला असतो, तो घेणे शहाणपणाचे ठरते.

विजेचा दुसरा स्रोत म्हणजे ऊन. चांगल्या उन्हात २०० वॅटची सौर पट्टी दिवसाला साधारण ६० ॲम्पिअर-तास देते, आणि हिवाळ्यात सपाट छतावर निजलेली तीच पट्टी त्याच्या निम्म्यावर येते. या ठिकाणी लस साठवण्यासाठी बनवलेल्या सौर फ्रीजचा दाखला उपयोगी पडतो. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, ग्रीनपीस आणि डॅनफॉस यांच्या सहभागातून विकसित झालेल्या सोलरचिल या रचनेत विजेची बॅटरीच नाही. दिवसा ऊन असताना बर्फ तयार होतो आणि रात्रभर तोच लशी थंड ठेवतो. ट्रेलरमध्येही ही युक्ती बिनखर्चाने साधते. दुपारी बॅटरी भरल्यानंतर सौर पट्टीची वीज वायाच जात असते. त्या वेळी फ्रीझरमध्ये तीन लिटर पाण्याच्या बाटल्या गोठवून सूर्यास्तानंतर खालच्या कप्प्यात ठेवल्या, तर तो बर्फ वितळताना सुमारे हजार किलोज्यूल उष्णता घेतो, आणि वर हिशेब मांडलेल्या फ्रीजमध्ये अकरा तासांच्या रात्रीत शिरणारी उष्णताही जवळजवळ तेवढीच आहे. सारी रात्र नाही तरी बराच काळ कॉम्प्रेसर त्यामुळे गप्प राहतो, आणि छोट्या ट्रेलरमध्ये उशाशीच फ्रीज असणाऱ्यांना हा लाभ विजेहूनही मोलाचा वाटतो.

दार वारंवार उघडण्याविषयी घरोघर जी धास्ती असते, ती या हिशेबात फारशी टिकत नाही. दार उघडताच ९० लिटर थंड हवा सांडली आणि तिच्या जागी उष्ण, दमट हवा शिरली, तरी ती थंड करण्यास लागणारी ऊर्जा सहा-सात किलोज्यूलच असते. उलट ३० अंशांचे एक लिटर पाणी ४ अंशांवर आणण्यासाठी सुमारे ११० किलोज्यूल काढावे लागतात. मुलांनी दिवसातून तीस वेळा दार उघडल्याचा भार एका दिवसात आत ठेवलेल्या दोन कोमट बाटल्यांहून कमी असतो, तर किराणा दुकानातून आणलेल्या डझनभर बाटल्या एकदम आत भरल्या, की बॅटरीतले चोवीस-पंचवीस ॲम्पिअर-तास त्यातच जातात. प्रवासाच्या आदल्या दिवशी घरच्या विजेवर फ्रीज व त्यातील सामान थंड करून घेणे हा म्हणूनच स्वस्तातला उपाय आहे. वरून उघडणारा पेटीसारखा फ्रीज कमी वीज खातो हे खरे; परंतु त्याचे श्रेय खाली न सांडणाऱ्या हवेपेक्षा त्याच्या जाड भिंतींना अधिक द्यावे लागेल.

दोन स्वस्त पर्याय बाजारात सतत पुढे केले जातात. पहिला पेल्टिए परिणामावर (वीज वाहताच एक बाजू थंड व दुसरी गरम होण्यावर) चालणारा शीतपेटारा, जो बाहेरच्या तापमानापेक्षा पंधरा-वीस अंशच खाली जातो आणि अखंड चार-पाच ॲम्पिअर ओढतो. ॲरिझोनाच्या उन्हात दूध टिकवण्याचे काम त्याच्याकडून होत नाही. दुसरा घरगुती छोटा फ्रीज, जो इन्व्हर्टरमार्फत चालवला जातो. तो किमतीने निम्मा असतो, पण इन्व्हर्टर नुसता चालू ठेवण्यासाठीच १५ वॅट धरले, तरी दिवसाला तीसेक ॲम्पिअर-तास त्यात मुरतात. मोठी लिथियम बॅटरी व भरपूर सौर पट्ट्या असणाऱ्यांना हे परवडते, इतरांना नाही.

फ्रीजच्या पाठीवरील हवामान-वर्गाचे अक्षरही पाहावे: ‘एन’ वर्ग ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ ३८ आणि ‘टी’ ४३ अंशांपर्यंतच्या परिसरासाठी असतो. येथे परिसर म्हणजे कोनाड्यातली हवा, अंगणातली नव्हे, आणि बंद कोनाड्यात ती बाहेरच्यापेक्षा बरीच तापते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यातून विदर्भात मे महिन्यात वाहन नेणाऱ्यांना ‘टी’ वर्गही अपुरा पडू शकतो, आणि तेथे कोनाड्यात हवा खेळवणारा छोटा पंखा बसवणे भागच आहे. गॅसचा फ्रीज काढलेल्या ट्रेलरमध्ये त्याच्या ज्योतीसाठी ठेवलेल्या बाहेरच्या भिंतीतील व छतातील जाळ्या तशाच उरतात. उष्ण प्रदेशात त्या उघड्या ठेवून कॉम्प्रेसरची उष्णता बाहेर जाऊ द्यावी. थंड प्रदेशात त्या बुजवाव्यात आणि तीच उष्णता ट्रेलरमध्ये घ्यावी. गॅसची नळी मात्र जाणकाराकडून टोपण बसवून बंद करून घ्यावी.

खरेदीआधी कोनाड्याइतकेच ट्रेलरच्या दाराचेही माप घ्यावे लागते, कारण कारखान्यात फ्रीज कधीकधी भिंती उभ्या राहण्यापूर्वी आत गेलेला असतो आणि जुना बाहेर काढण्यासाठी खिडकी उतरवण्याची पाळी येते. दाराला प्रवासात न निसटणारी यांत्रिक कडी असावी, कारण घरगुती फ्रीजचे चुंबकी रबर पहिल्याच खड्ड्यात हार मानते. त्या कडीला दार बोटभर उघडे धरणारी दुसरी खाचही असावी. ट्रेलर महिनोन्‌महिने उभा राहणार असताना फ्रीज बंद करून दार घट्ट लावले, तर आतल्या ओलाव्याने रबराच्या घड्यांत काळी बुरशी धरते.