शेवटची गाडी

पाऊस लागला की सह्याद्रीच्या घाटवाटांवर मोटारसायकलींचे पेव फुटते. रविवारी पहाटे पाहावे तो तरुणांचे जथेच्या जथे फटफट करीत निघालेले असतात. कुणाच्या अंगावर रेनकोट, कुणाच्या पाठीवर फुगलेली पिशवी, तर कुणाच्या डोक्यावर, जिथे शिरस्त्राण असायला हवे तिथे, नुसती उलटी टोपी. धबधबा पाहायचा हे निमित्त. खरी हौस ओल्या वाऱ्याची. वडीलधारी मंडळी या प्रकाराला नाके मुरडतात आणि तरुण मंडळी वडीलधाऱ्यांना घरी ठेवून निघतात. आमच्या सहलीत मात्र या दोन्ही पिढ्या एकाच रस्त्याला लागल्या होत्या.

२०२५ च्या ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही कराडची प्राध्यापक मंडळी ठोसेघरला जाऊन आलो. सहा गाड्या, नऊ माणसे. जिमखान्याचे सर आणि रसायनशास्त्राचे दोन तरुण प्राध्यापक यांच्या नव्या, दणकट गाड्या. त्यांपैकी एकीवर मागे प्रयोगशाळेतले मदतनीस. इंग्रजीच्या बाईंची स्कूटर आणि तिच्यावर त्यांची धाकटी बहीण. माझी वडिलोपार्जित बुलेट. तिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी, त्यामुळे ती कुणी मागत नाही. माझ्यामागे भूगोलाचे सर. आणि सहावी गाडी आमच्या ग्रंथपालांची, म्हणजे तात्यांची. शंभर सी. सी.ची, पंधरा वर्षांची, पण बोहारणीने घासलेल्या भांड्यासारखी लख्ख.

तात्या येत्या मे महिन्यात निवृत्त होणार. त्यांनी एकट्याने गाडी चालवावी की नाही, यावर त्यांच्या माघारी बरीच खलबते झाली. शेवटी एका तरुण सहकाऱ्याने धीर करून विचारले, “तात्या, तुम्ही माझ्या मागं बसता का?” तात्या म्हणाले, “मागं बांधून न्यायला मी काय पार्सल आहे?” विषय तिथेच मिटला.

भूगोलाच्या सरांनी निघण्यापूर्वी दोन नियम घालून दिले. शेजारीशेजारी गप्पा मारत चालवायचे नाही. एकामागे एक, थोडे डावे-उजवे अंतर ठेवून जायचे, म्हणजे पुढच्याने अचानक ब्रेक लावला तरी मागच्याला जागा राहते. आणि प्रत्येकाने आपल्या मागची गाडी आरशात दिसते का ते पाहायचे. दिसेनाशी झाली की थांबायचे. जिथवर शेवटची गाडी जाईल तिथवरच सगळे जातील. दुसरा नियम ऐकताना तरुणांनी एकमेकांकडे पाहिले, ते माझ्या नजरेतून सुटले नाही.

महामार्गाने उंब्रजला तारळीचा पूल ओलांडला, सातारा गाठले, चहा झाला, आणि बोगद्यातून बाहेर पडून आम्ही सज्जनगडाच्या रस्त्याला लागलो. भाताची खाचरे काठोकाठ भरलेली. उरमोडी धरणाचे पाणी खाली पसरलेले. समर्थांची समाधी असलेला गड ढगात बुडालेला. गडाचा पायथा मागे पडला, चढ लागला आणि पाहता पाहता धुके रस्त्यावर उतरले. दहा पावलांपलीकडचे दिसेना. असा ओला डांबरी रस्ता मोठा फसवा. तेल, धूळ आणि डोंगरातून वाहून आलेली माती यांचे जे मेण तयार होते, त्यावर वळणात ब्रेक दाबला की मागचे चाक जागीच आवळते आणि गाडी घसरते. वळणाआधीच वेग उतरवावा आणि वळण शांतपणे घ्यावे, हे चालवणाऱ्याला ठाऊक असते. पण पुढची गाडी निसटताना दिसली की ते नेमके विसरायला होते.

माथ्याजवळच्या एका वळणावर मी आरशात पाहिले. तात्या नव्हते.

हॉर्न वाजवून सर्वांना थांबवले. पाच मिनिटे गेली, दहा गेली. फोनला रेंज नाही. “येतील हो, सावकाश चालवतात ते,” जिमखान्याचे सर म्हणाले. पण त्यांचाही आवाज नेहमीचा नव्हता. ज्याने पार्सल होण्याचे नाकारले, त्याला आपण उगाच आणले का, हा प्रश्न कुणी बोलून दाखवला नाही, तरी तो सर्वांच्या तोंडावर लिहिलेला होता. भूगोलाचे सर आणि मी माघारी वळलो.

तीन वळणे खाली आलो तो धुक्यात काहीतरी पिवळे हलताना दिसले. तात्या! अंगातला पिवळा रेनकोट काढून, तो झेंड्यासारखा हलवीत ते भर पावसात वळणाच्या तोंडाशी उभे होते. त्यांची गाडी बाजूला स्टँडवर. कठड्यापाशी एक तरुण जोडपे बसलेले. मुलीचा गुडघा खरचटलेला, मुलाचे हात थरथरत होते. डोंगरावरून माती वाहून आली होती आणि आमच्या पाच गाड्या निघून गेल्यावर त्यांची गाडी तिथे घसरली होती. पाठोपाठ येणाऱ्या तात्यांनी आधी त्या दोघांना कडेला बसवले, मग गाडी ओढून बाजूला घेतली, आणि नंतर वरखाली करणाऱ्या वाहनांना सावध करीत उभे राहिले. “मी हललो असतो तर पुढचा त्याच मातीवर आला असता,” एवढेच ते म्हणाले. आम्हाला पाहून त्यांना विशेष आश्चर्य वाटले नाही. मागची गाडी दिसेनाशी झाली की थांबायचे, असे ठरलेच होते ना!

त्या दोघांच्या डोक्यावर शिरस्त्राण होते म्हणून गुडघ्यावर भागले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ते चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही सक्तीचे केले आहे. पण मागच्याचे डोके अजून पुष्कळांना मोजावेसे वाटत नाही. आम्ही फावड्याच्या अभावी फळकुटाने माती ओढली, मुलीच्या गुडघ्याला पट्टी बांधली आणि निघालो. पुढे असणाऱ्याला रस्ता दिसतो, मागे असणाऱ्याला माणसे दिसतात, हे मला त्या वळणावर पटले.

ठोसेघरचा मोठा धबधबा समोरच्या कड्यावरच्या सज्जातून पाहायचा असतो. आम्ही पोचलो तेव्हा समोर नुसते पांढरे. दरीतून तेवढा आवाज येत होता. मग वाऱ्याने धुक्याचा पडदा फाडला आणि काळ्याकभिन्न कातळावरून उतरणारी ती धार एकदम नजरेत भरली. इंग्रजीच्या बाईंच्या बहिणीने “अग्गोबाई!” म्हटले, त्याहून चांगली समीक्षा मला सुचली नाही.

भूगोलाच्या सरांनी सांगितले, हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा; वर जांभ्याचे सडे. सड्यावर माती पातळ, पाणी मुरायला जागा थोडी. म्हणून वर कोसळलेला पाऊस घटकेत ओढ्याला येतो. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी ओढा फुगू शकतो. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेही पाणी असेच एकाएकी वाढल्यामुळे.

तरीही धाकट्या धबधब्यापाशी आलो तेव्हा कठडा ओलांडून खडकावर फोटो काढण्याचा मोह रसायनशास्त्राला झालाच. एक पाय वर गेलाही होता. तात्या शांतपणे म्हणाले, “माझे गुडघे त्या कठड्यापलीकडे येत नाहीत. नियम काय ठरला होता?” सगळे हसले, पाय खाली आला. अर्ध्या तासाने चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या बाजूने काळे ढग सरकले आणि मघाचे पांढरे पाणी गढूळ तांबडे होऊन खडकावरून उसळू लागले. तो फोटोचा खडक दिसेनासा झाला. त्यावर कुणीच काही बोलले नाही. जिमखान्याच्या सरांनी तेवढा तात्यांच्या हातात भाजलेल्या कणसाचा मोठा तुकडा दिला.

पिठले-भाकरी खाताना कळले की हे पाणी खाली तारळीला मिळते. सकाळी उंब्रजला जिच्यावरून आलो तीच ती. तिथून ते कृष्णेत आणि कृष्णेतून आमच्या कराडला. परतताना घाट दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या आधाराने उतरलो. या वेळी सर्वांत पुढच्या गाडीचा आरसा सर्वांत जास्त वेळा पाहिला जात होता.

हा अंक हाती पडेल तेव्हा ती धार बारीक झाली असेल आणि घाटावरचे गवत पिवळे पडू लागले असेल. पुढल्या पावसाळ्यात वाचकांपैकी कुणी निघाले, तर टायर, ब्रेक आणि साखळी ते पाहतीलच. त्याच वेळी शेवटची गाडी कुणाची, हेही ठरवून घ्यावे. आणि ती जागा कमीपणाची मानू नये. आमच्या पुढल्या सहलीपर्यंत तात्या निवृत्त झालेले असतील. जिमखान्याच्या सरांनी मात्र आत्तापासूनच त्या जागेसाठी अर्ज केला आहे. तात्या म्हणतात, विचार करून सांगतो.