दुभत्या गाईला दोन महिने सुट्टी का द्यायची?

आजचा विषय आहे गाय आटवायची कधी आणि कशी. ऐकताना तारखा लिहून घ्यायला जमत नाही, म्हणून हा सगळा भाग इथं लिहून देतोय.

सुरुवात माझ्याच चुकीनं करतो. आमची चंद्री, जर्सी क्रॉस. सात महिन्यांची गाभण होती तेव्हाही दिवसाला 4 लिटर दूध द्यायची. आई म्हणाली, "आटव आता तिला, पोटात वासरू हाय." पण दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल यायचं आणि त्यावर बहिणीची फी ठरलेली. मी म्हटलं, देतीये तोवर काढू. व्यायच्या 15 दिवस आधीपर्यंत धार काढली.

पुढच्या वेतात काय झालं? 14 लिटरवर जाणारी गाय 10 वरच अडकली. चीकही कमी आला. आता हिशेब करा. 45 दिवस जास्त पिळून मला 180 लिटर मिळाले. पुढं रोज 4 लिटर कमी, म्हणजे तेवढेच 180 लिटर पहिल्या 45 दिवसांतच गेले. उरलेलं सगळं वेत तोट्यात!

असं का होतं? भाकड काळात कास नुसती रिकामी बसत नाही. दूध तयार करणाऱ्या जुन्या पेशी जाऊन नव्या तयार होतात. वासराची जास्तीत जास्त वाढही शेवटच्या दोन-तीन महिन्यांतच होते. म्हणून साधारण 60 दिवस विश्रांती द्यायची. ती 40 दिवसांच्याही खाली गेली, की पुढच्या वेताला फटका बसतो.

तारीख काढणं सोपं आहे. गाय साधारण 280 दिवसांनी विते. म्हणजे रेतनापासून 220 व्या दिवशी धार बंद. 1 जूनला रेतन झालं असेल, तर 7 जानेवारीला आटवायची आणि 8 मार्चच्या आसपास व्यायची वाट बघायची. पण त्यासाठी रेतनाची तारीख लिहिलेली पाहिजे. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये तिन्ही तारखा आजच टाका.

आता आटवायची कशी? आठवडाभर आधी पेंड आणि खुराक कमी करा, हिरवा चाराही कमी करून वाळली वैरण वाढवा. दोन वेळची धार एक वेळ करा, मग एक दिवसाआड, मग बंद. काही जण पाणी तोडतात. ते मात्र करू नका, जनावराचे हाल होतात.

शेवटची धार पूर्ण काढा. मग सड स्वच्छ करून डॉक्टरांकडून चारही सडांत भाकड काळाची ट्यूब सोडून घ्या. दगडीचा धोका याच दिवसांत वाढतो, म्हणून गोठा कोरडा ठेवा. दोन-चार दिवस कास तट्ट फुगलेली दिसेल. हात शिवशिवतील, पण धार काढायची नाही. ते दूध हळूहळू अंगातच जिरतं. मात्र कास गरम, लाल, दुखरी वाटली किंवा गाईला ताप आला, तर लगेच डॉक्टरांना बोलवा.

व्यायच्या तीन आठवडे आधी खुराक हळूहळू वाढवायला सुरुवात करा. या दिवसांत कॅल्शियमची बाटली मात्र मनानं पाजू नका. आधी जास्त कॅल्शियम दिलं, तर व्याल्यावर मिल्क फीवर होऊन गाय बसू शकते.

पुढच्या खेपेला मी चंद्रीला पूर्ण 60 दिवस दिले. घरात दोन महिने चहाला विकतचं दूध आणलं. आप्पा रोज टोमणा मारायचे, "गोठ्यात गाय आन् हातात पिशवी!" व्याल्यावर मात्र ती पुन्हा 13 लिटरवर गेली. आता आप्पाच शेजाऱ्यांना विचारतात, "गाय आटवली का न्हाय?"

तुमच्या गोठ्यात कितव्या महिन्यात आटवता, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!