उमेदवारीचा वाद व निवडणुकीचा निकाल

पक्षाचा उमेदवार कोण असावा हें ठरविण्यासाठीं अमेरिकेंत आधीं पक्षांतर्गत निवडणूक होते. विस्कॉन्सिन राज्यानें १९०३ सालीं तसा कायदा केला व पुढें ती प्रथा देशभर पसरली. ही झुंज लांबली म्हणजे पक्ष थकतो आणि मुख्य निवडणुकींत पडतो, असा तेथील जुना समज आहे. १९८० सालीं एडवर्ड केनेडी यांनीं अध्यक्ष कार्टर यांच्याशीं पक्षाच्या अधिवेशनापर्यंत झुंज दिली आणि कार्टर हरले. अर्थात् महागाई व इराणमधील ओलिसांचें प्रकरण हींही कारणें होतींच. उलट २००८ सालीं ओबामा व हिलरी क्लिंटन यांची स्पर्धा जानेवारीपासून जूनपर्यंत चालली, तरी नोव्हेंबरांत ओबामा निवडून आले. तेव्हां वाद किती दिवस चालला यापेक्षां, हरलेल्यापुढें कोणती वाट उरली हें पाहणें अधिक उपयोगाचें.

याचा पडताळा अहमदनगर जिल्ह्यांत (२०२४ पासून त्याचें नांव अहिल्यानगर) चांगला मिळतो. आपल्याकडे उमेदवारीसाठीं मतदान होत नाहीं. इच्छुक मंडळी महिनोन् महिने मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या करतात, आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशीं दुपारीं तीनपर्यंत ज्याचा एबी फॉर्म दाखल होतो तो पक्षाचा उमेदवार. अमेरिकेंतील बहुतेक राज्यांत पक्षांतर्गत निवडणुकींत पडलेल्यास त्याच जागेसाठीं अपक्ष म्हणून उभें राहतां येत नाहीं. येथें तसा अडसर नाहीं. शिवाय नगरच्या पुढाऱ्यामागें साखर कारखाना, बँक, शिक्षणसंस्था व गांवोगांवचे कार्यकर्ते असतात. हें बळ तिकिटानें आलेलें नसतें, म्हणून तिकिटाबरोबर जातही नाहीं.

१९९१ सालीं काँग्रेसनें यशवंतराव गडाख यांस उमेदवारी दिली आणि बाळासाहेब विखे पाटील अपक्ष उभे राहिले. गडाख निवडून आले. परंतु प्रचारांतील विधानांवरून विखे न्यायालयांत गेले. गडाखांची निवड रद्द झाली व १९९३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती रद्दच ठेवली. पुढें १९९८ सालीं विखे शिवसेनेच्या तिकिटावर नगरहून लोकसभेवर गेले. घरांतील भांडणाची किंमत काँग्रेसला अशी सात वर्षांनीं मोजावी लागली.

२००९ सालीं तीच किंमत रोखीनें द्यावी लागली. राष्ट्रवादी काँग्रेसनें शिवाजीराव कर्डिले यांना उभें केलें व राजीव राजळे यांनीं बंड करून अपक्ष अर्ज भरला. भारतीय जनता पक्षाचे दिलीप गांधी पन्नास हजारांहून कमी मतांनीं निवडून आले; राजळे यांचीं मतें दीड लाखाच्या घरांत होतीं. तीं सगळीं कर्डिल्यांनाच पडलीं असतीं असें कोणी म्हणणार नाहीं. कांहीं मतदार घरीं बसले असते, कांहीं गांधींकडेही वळले असते. पण फरकाच्या तिपटीएवढीं मतें बाहेर राहिल्यावर पक्षाला गणित जुळविणें कठीणच.

२०१९ चें प्रकरण विशेष बोधक आहे. नगरची जागा राष्ट्रवादीच्या वांट्याची. ती काँग्रेसला सोडावी असा सुजय विखे यांचा आग्रह होता. वडील राधाकृष्ण विखे त्या वेळीं विधानसभेंतील विरोधी पक्षनेते. मित्रपक्षांतला हा वाद रेंगाळत राहिला आणि १२ मार्चला सुजय भाजपांत गेले. राष्ट्रवादीचे संग्राम जगताप पावणेतीन लाखांहून अधिक मतांनीं पडले. देशांत भाजपची लाट होती हें खरें. परंतु भाजपनेंही दिलीप गांधी या आपल्याच विद्यमान खासदाराचें तिकीट कापलें होतें. गांधी नाराज झाले, पण अपक्ष उभे राहिले नाहींत, आणि पक्षाचीं मतें फुटलीं नाहींत. (नगरच्या सोयरिकींची गंमत अशी, कीं जगतापांचे सासरे म्हणजे २००९ चे तेच कर्डिले, आणि ते या वेळीं भाजपचे आमदार होते!)

उमेदवार लवकर ठरला कीं जागा हातीं आली असेंही नव्हे. २०२४ सालीं मतदान १३ मे रोजीं होतें. सुजय विखे यांचें नांव भाजपनें मार्चच्या मध्यासच जाहीर केलें. पारनेरचे नीलेश लंके यांनीं मात्र मार्चअखेर आमदारकीचा राजीनामा देऊन शरद पवारांच्या पक्षाची उमेदवारी घेतली. वेळ थोडा होता, पण त्यांच्या बाजूनें कोणी वजनदार बंडखोर आडवा आला नाहीं, आणि ते सुमारें २९ हजार मतांनीं निवडून आले.