नावं बदलली, वाट राहिली

जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याच्या सरकारी निर्णयाला डिसेंबर 2025 मध्ये पाच वर्षं झाली. 2020 च्या त्या निर्णयानंतर वाड्यांना समतानगर, भीमनगर अशी नावं देण्याचे ठराव होऊ लागले. जुनी नावं जायलाच हवी होती. पण आमच्या वाडीच्या नव्या पाटीपासून आत येणारी वाट ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत अजून नाही.

फार मागे रेंगाळत नाही. आमच्या रत्नागिरीत 1931 साली भागोजीशेठ कीरांच्या पैशातून सर्व जातींना खुलं पतितपावन मंदिर उभं राहिलं. जिल्ह्याच्या इतिहासात त्याची जागा मोठी आहे. मला मात्र आमच्या प्रश्नाची सुरुवात शेजारच्या महाडात दिसते. सी. के. बोल्यांनी 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं, पण कागदावर. बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं ते 20 मार्च 1927 ला, आणि त्याच ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. बोल्यांनी 1926 मध्येच मागणी केली होती, की ठराव न पाळणाऱ्या स्थानिक संस्थांचं अनुदान रोखा. या माणसाची आठवण जिल्ह्यात फारशी कुणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

त्यानंतर खोती गेली, कुळकायदा आला, धर्मांतर झालं, दलित वस्ती सुधार योजना आली. नव्वदचं दशक मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

1990 साली बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. धर्मांतरानंतर चौतीस वर्षं त्या अडल्या होत्या. पाठोपाठ 73 वी घटनादुरुस्ती आली, सरपंचपदाला आरक्षण लागलं. वाडीतला माणूस त्या खुर्चीवर बसला तेव्हा मुंबई मंडळाचे चाकरमानी रातराणीने आले होते. पण त्याच 1990 मध्ये रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजनाही आली आणि तिने कोकणाचा चेहरा बदलला. कातळावर हापूसची कलमं उभी राहिली. ज्यांच्या नावावर सातबारा, त्यांच्या बागा झाल्या. ज्यांचे आजे खोताच्या जमिनीत राबले आणि ज्यांचं नाव कुळात कधी लागलंच नाही, ते त्या बागांत मजुरीला गेले. बागेभोवती चिऱ्याचे गडगे चढले आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरातल्या वाटा गडग्याआड गेल्या.

आमची पाखाडीची वाट अशीच गेली. ग्रामसभेत विषय निघाला की उत्तर ठरलेलं असे: जमीनमालकाचं संमतीपत्र आणा, निधी आहेच. संमतीपत्र देणारे समोरच्याच बाकावर बसलेले असत. निधी परत जाई, आणि वर ‘तुमच्यासाठी किती योजना आहेत’ हे ऐकावं लागे. आषाढात प्रेत न्यायचं तर शेताच्या बांधावरून, गुडघाभर चिखलातून. सरपंच आमचा होता, पण सही करण्यापलीकडे त्याला काही करू दिलं नाही. त्या सभांतली काही माणसं आज समतेच्या कार्यक्रमांना अध्यक्ष असतात. त्यांनी निदान त्या वर्षांबद्दल बोलावं.

तेव्हाची एक गोष्ट मात्र हरवली. समाजाच्या बौद्धजन पंचायत समितीच्या बैठकांत निधीचा जाब विचारणारी माणसं होती. कुठलं काम मंजूर, कुठलं अडलं, हे त्यांना तोंडपाठ असे. आता वाडीत म्हातारी माणसं उरली. वस्तीच्या निधीची मर्यादा लोकसंख्येवर ठरते, म्हणजे जमीन नाही म्हणून जे मुंबईला गेले, त्यांच्या जाण्यानेच मागे राहिलेल्यांचा वाटा घटला. मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होता. राखीव जागेवरून निवडून आलेला, हक्काने विचारणारा सदस्यच नव्हता.

अशा नुकसानीची भरपाई कशी करता येते, याचं एक उदाहरण अमेरिकेतल्या इव्हान्स्टन शहरात आहे. 1919 ते 1969 या काळात घरांच्या बाबतीत आपल्या कृष्णवर्णीय रहिवाशांशी भेदभाव झाला हे तिथल्या नगर परिषदेने मान्य केलं आणि 2021 मध्ये त्यांना व त्यांच्या वारसांना घरासाठी पंचवीस हजार डॉलर देण्याची योजना मंजूर केली. पैसा गांजाच्या कायदेशीर विक्रीवरच्या करातून. रक्कम अपुरी असल्याची टीका तिथे झाली, आणि ती खरी आहे. पण नुकसान कुणी केलं, हे त्या परिषदेने आधी लिहून ठेवलं. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नाचा वीस टक्के आणि ग्रामपंचायतीचा पंधरा टक्के वाटा मागासवर्गीयांसाठी राखीव असतो, पण त्याला कल्याण म्हणतात. हे कल्याण नाही, देणं आहे.

मार्च 2027 मध्ये महाडच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील. भाषणं होतील, हार घातले जातील. त्याआधी जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने बौद्धवाडीकडे जाणारी वाट मोजावी, जमीनमालकाला रीतसर मोबदला द्यावा आणि ती वाट आपल्या नोंदवहीत चढवावी.