घरातील यंत्रे : लेखांक सातवा – मुका झालेला आयपॉड

मागील लेखांकात ज्या कॅसेट-यंत्राचा विचार केला, त्याचे दोष, म्हणजे सैल झालेला पट्टा किंवा मळलेले हेड, निदान डोळ्यांना दिसत तरी असत. परंतु ॲपल कंपनीने 23 ऑक्टोबर 2001 रोजी जो पहिला आयपॉड जाहीर केला आणि ज्या घराण्याची कारकीर्द मे 2022 मध्ये संपुष्टात आली, ते यंत्र बाहेरून इतके निर्विकार असते, की ते बंद पडताच मालक त्याला मृत ठरवून खणात बेदखल करतो. माझ्या मते हा निवाडा बहुधा घाईचा असतो.

प्रथम माथ्यावरची ‘होल्ड’ कळ पाहावी; ती सरकून नारिंगी खूण दिसत असेल, तर इतर कोणतेही बटण हुकूम मानणार नाही, आणि कसूर यंत्राची नसून खिशात झालेल्या घर्षणाची असेल. दीर्घकाळ पडून राहिलेली बॅटरी इतकी रिती होते, की चार्जिंगला लावल्यावरही अर्ध्या तासापर्यंत पडदा उजळत नाही. तेवढा धीर धरावा. तरीही चक्रवाले यंत्र निपचितच राहिले, तर ‘होल्ड’ कळ एकदा लावून पुन्हा सोडावी आणि ‘मेनू’ व मधले बटण एकत्र सहा ते आठ सेकंद दाबून धरावे. आवाज एकाच कानात येत असल्यास आधी दुसरा हेडफोन लावून पाहावा. जुन्या आयपॉडमध्ये फिरती हार्ड डिस्क असते; तिच्यातून टकटक ऐकू येऊन पडद्यावर रडवेला चेहरा उमटला, तर मात्र जाणत्या कारागिराला गाठावे.

बॅटरी फुगली असेल, तर येथे दुरुस्तीची सर्व चर्चा तहकूब करावी. लिथियम-आयन बॅटरीतील द्रावाचे विघटन होऊन वायू साठतो, वेष्टन ताणले जाते आणि पडदा आतून उचलला जातो. अशा यंत्राला चार्जिंगला लावणे, दाबून सपाट करणे किंवा टोचणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. 2005-06 साली विकलेले पहिले ‘आयपॉड नॅनो’ बॅटरी तापण्याच्या धोक्यामुळे कंपनीला 2011 मध्ये बदलून द्यावे लागले होते, हे येथे स्मरावे.

उरला विल्हेवाटीचा प्रश्न. यंत्र सुरू होत असल्यास गाणी संगणकावर उतरवून घ्यावीत आणि आतील पत्ते-टिपणे पुसून टाकावीत. नंतर ते भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्याचा मोह होतो. त्या गरीब माणसाला मी दोष देत नाही, पण त्याच्या हातून पुढे गेलेले सर्किट बोर्ड मुरादाबादसारख्या ठिकाणी उघड्यावर जाळले गेले आहेत आणि त्यांची राख रामगंगेच्या काठी साचली आहे. 1 एप्रिल 2023 पासून अंमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि बॅटरीविषयीचे 2022 चे नियम ग्राहकाला ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवण्यास फर्मावतात. म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेल्या संस्थेचे किंवा कंपनीचे संकलन केंद्र शोधावे, फुगलेली बॅटरी आत असल्याचे स्पष्ट सांगावे, आणि यंत्र हवाली करताना पावती मागून घ्यावी.

पुढील आठवड्यात विजेच्या इस्त्रीकडे वळू.