दारात कुत्रे बांधण्यापूर्वी

‘घरात कुत्रे असले की धन्याला झोप लागते,’ असे आमचे आजोबा म्हणत. ते खरेच आहे. पण ती झोप फुकट मिळत नाही, हे आम्हाला उशिरा कळले. ज्या रीतीने कळले, ती आमच्या कुणाही वाचकाच्या वाट्याला येऊ नये, एवढ्याचसाठी हा लेख लिहीत आहोत.

आमचे घर खानापूर तालुक्यात, शेताच्या कडेला आहे. भात, थोडा ऊस, दोन म्हशी आणि परसात पंधरा-वीस कोंबड्या, असा आमचा संसार. मोत्या आमच्याकडे आला तो मुलांच्या हट्टाने. शाळेतून येताना पुलाखाली सापडलेले पिल्लू धाकट्याने दप्तरात घालून आणले. ह्याला रोज खायला कोण घालणार, दवाखान्यात कोण नेणार, हे कुणी कुणाला विचारले नाही. पिल्लू आले आणि आपोआप वाढले. वर्षभरात मोत्या घराचा राखणदार झाला. रानमांजर खुराड्याकडे फिरकेनासे झाले. उसात रानडुकरे शिरली तर आम्हाला सकाळी नुकसान पाहून नव्हे, रात्रीच मोत्याच्या भुंकण्यावरून कळू लागले.

तीन महिने पूर्ण झाले की लस टोचून घ्या, असे जनावरांच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी बजावले होते. पण तेव्हा पेरणी चालू होती. मग लावणी आली, मग सुगी. ‘पुढच्या बाजाराला नेऊ,’ असे म्हणता म्हणता वर्ष गेले. म्हशींना मात्र आम्ही लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर टोचून घेतली होती, कारण म्हैस दूध देते. मोत्या दूध देत नव्हता.

एका पहाटे कुठलेसे अनोळखी कुत्रे अंगणात शिरले. मोत्या त्याला भिडला आणि त्याने त्याला हुसकून लावले. त्या झटापटीत मोत्याच्या मानेला दात लागले. आम्ही जखमेवर हळद लावली, मोत्याचे कौतुक केले आणि ती गोष्ट विसरून गेलो. महिन्या-सव्वा महिन्याने मोत्या भाकरी खाईना. पाण्याजवळ जाई, पण त्याला गिळता येईना. जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली, आवाज घोगरा झाला. आम्हाला वाटले, घशात हाड अडकले. थोरल्या मुलाने त्याचे तोंड उघडून आत हात घातला. हाड नव्हते. बोटाला दात मात्र घासला आणि रक्त आले.

डॉक्टर आले. त्यांनी मोत्याला दुरूनच पाहिले आणि पहिला प्रश्न केला, ‘ह्याच्या तोंडात हात कुणी घातला?’ तेव्हा आमच्या पायांखालची जमीन सरकली. तिसऱ्या दिवशी मोत्या गेला.

पिसाळलेले कुत्रे म्हणजे सैरावैरा धावणारे, दिसेल त्याला चावणारे, अशी आपली समजूत असते. परंतु पिसाळण्याचा दुसरा, मुका प्रकारही आहे. त्यात जनावर गप्प बसते, कोपरा धरते, जबडा लुळा पडतो आणि घशात काही अडकल्यासारखे दिसते. म्हणून वाचकांना आमचे हात जोडून सांगणे आहे, की गिळता न येणाऱ्या कुत्र्याच्या, किंवा गाई-म्हशीच्याही, तोंडात उघडा हात कधी घालू नये. आधी डॉक्टरांना बोलवावे.

मुलाचे बोट आम्ही नळाखाली धरून साबणाने चांगली पंधरा मिनिटे धुतले आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठला. त्याच्या जखमेत सीरम टोचले आणि लस सुरू केली. मोत्याच्या लाळेशी संबंध आल्यामुळे घरातील आम्हा बाकीच्या चौघांनाही डॉक्टरांनी लस दिली. पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा, अशा फेऱ्या झाल्या. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस आपल्या देशात २००४च्या अखेरीस बंद झाली. आताची लस दंडावर टोचतात, तिचा त्रास फारसा होत नाही. त्रास होतो तो मनाला. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की मग त्यावर खात्रीचा इलाज नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ते अठ्ठावीस दिवस किती लांब असतात, ते आम्ही सांगू शकतो.

त्या दिवसांत एकदा धाकट्याने विचारले, ‘आपण लस दिली असती तर मोत्या मेला नसता ना?’ आम्ही त्याच्याशी खोटे बोललो नाही.

मुलगा आज ठणठणीत आहे. दोन वर्षांनी आम्ही पुन्हा कुत्रे आणले. ह्या वेळी मात्र आधी घरातील सगळे एकत्र बसलो आणि काही गोष्टी ठरवल्या. त्याच येथे देत आहोत.

आधी हिशेब, मग पिल्लू

कुत्रे साधारण दहा ते तेरा वर्षे जगते. आज तिसरीत असलेले पोर ते म्हातारे होईपर्यंत विशीत पोहोचलेले असेल, कदाचित शिकायला परगावी गेलेले असेल. म्हणून ‘मुलांचे कुत्रे’ असे काही नसते. कुत्रे मोठ्या माणसांचे असते, आणि त्यातही कुणा एकाचे नाव ठरलेले असावे. सगळ्यांचे काम ते कुणाचेच काम नव्हे. लग्नाला, यात्रेला किंवा नातेवाइकांकडे चार दिवस गेलो तर त्याला कोण पाहणार, हेही आधी ठरवावे.

जात निवडताना हौसेपेक्षा जागा पाहावी. आपल्या शेजारच्या मुधोळचा शिकारी कुत्रा नामांकित आहे. २००५ साली त्याच्या चित्राचे टपाल तिकीटही निघाले. पण ती धावणारी जात आहे. त्याला रोज मोकळे रान हवे. वडोदऱ्यात किंवा इंदुरात दोन खोल्यांत राहणाऱ्या आमच्या बांधवांनी त्याला आणून साखळीला बांधला, तर त्याचेही हाल आणि शेजाऱ्यांचेही. थंड मुलखातील दाट केसांची कुत्रीही आपल्या उन्हाळ्यात धापा टाकतात. गावठी पिल्लू आपल्या हवेला सरावलेले असते आणि त्याला पैसेही पडत नाहीत. फक्त ते दोन महिन्यांचे होईपर्यंत आईजवळून काढू नये.

लस आणि जंत

सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांची लस सुरू करावी. पार्व्होत रक्ताची हगवण लागते आणि पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचे जाते. तीन महिने पूर्ण होताच पिसाळण्याची लस द्यावी. पुढचा डोस डॉक्टर सांगतील त्या दिवशी, आणि त्यानंतर दर वर्षी. आम्ही लसीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहितो. पेरणी असो वा सुगी, ती तारीख चुकत नाही.

जंतांचे औषध पिल्लाला तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी द्यावे. हे केवळ कुत्र्यासाठी नव्हे. त्याच्या विष्ठेतील जंतांची अंडी अंगणातील मातीत राहतात आणि खेळणाऱ्या मुलांच्या हातांवाटे पोटात जातात. दुसरी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. शेळी किंवा मेंढी कापल्यावर तिच्या काळजात वा फुप्फुसात पाण्याने भरलेले फोड दिसले, तर तो भाग कुत्र्यापुढे मुळीच टाकू नये. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतो, आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या काळजात तशाच पाण्याच्या गाठी होतात. त्या वर्षानुवर्षे कळत नाहीत आणि बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते. असा भाग जाळावा किंवा खोल पुरावा.

गोचिडांकडे लक्ष असावे. कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत त्या लपतात आणि त्यांच्यापासून कुत्र्याला कावीळ व ताप येतो. गोचिडांचे औषध डॉक्टरांना विचारूनच लावावे. पिकावर मारायचे औषध कुत्र्याच्या अंगाला चोळून त्याला गमावणारे शेतकरी आम्ही पाहिले आहेत.

खाणे आणि बांधणे

भाकरी, भात, वरण, उकडलेले अंडे, काटे काढलेली मासळी, थोडे ताक, एवढ्यावर कुत्रे छान राहते. तिखट-मीठ-मसाला नको. कांदा-लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट ही त्याला विषासमान आहेत. शिजवलेली हाडे फुटून घशात व आतड्यात रुततात, तीही देऊ नयेत. पाण्याचे भांडे दिवसभर भरलेले हवे. माणसाच्या तापाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या मनाने देऊ नयेत.

दिवसभर साखळीला असलेले कुत्रे चिडके होते आणि शेवटी घरच्यालाच चावते. सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवण्याची हयगय करणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास तरी त्याला फिरवावे. उलट, दिवसभर गावात मोकाट सोडलेले कुत्रे हेही पाळलेले म्हणवत नाही. त्याने शेजाऱ्याची शेळी धरली किंवा सायकलवाल्याला पाडले तर दोष कुत्र्याचा नव्हे, आपला आहे.

रानाच्या कडेला राहणाऱ्यांनी रात्री कुत्र्याला आडोशाला, बंद पडवीत किंवा गोठ्यात ठेवावे. अकोले तालुक्यातील शेतीच्या मुलखात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाण्यात कुत्र्याचाच वाटा सर्वांत मोठा निघाला. अंगणात साखळीला बांधलेले कुत्रे म्हणजे बिबट्याला दिलेले आमंत्रण होय.

आणखी एक. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते आणि सुमारे त्रेसष्ट दिवसांत विते. पाच-सहा पिल्ले गोणत्यात घालून बाजाराजवळ सोडून देण्याची जी रीत आपल्याकडे आहे, ती सोडली पाहिजे. आमचा मोत्या अशाच कुणाच्या गोणत्यातून पुलाखाली आला असावा. नसबंदी करून घेतली म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. नसबंदीने राखण कमी होत नाही.

चावल्यास काय करावे

जखम लहान असो वा मोठी, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, तिखट, हळद, कॉफीची पूड काहीही भरू नये. मांत्रिकाच्या दोऱ्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे आणि सर्व इंजेक्शने पुरी करावीत. चावलेले कुत्रे ओळखीचे असेल तर त्याला मारू नये, दहा दिवस नजरेखाली ठेवावे. मात्र त्या दहा दिवसांची वाट पाहत लस लांबवू नये.

हा रोग हटवणे अशक्य नाही. शेजारच्या गोव्यात २०१४पासून गावोगाव फिरून पाळीव आणि मोकाट अशा दोन्ही कुत्र्यांना लस टोचण्यात आली आणि शाळांतून मुलांना माहिती देण्यात आली. परिणामी २०१८, २०१९ आणि २०२० या तीन वर्षांत त्या राज्यात ह्या रोगाने एकही माणूस दगावल्याची नोंद नाही. शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या दारातले कुत्रे त्या सत्तरांत आहे की तिसांत, एवढाच प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

आता फळाविषयी

इतके सगळे करून मिळते काय, असे कुणी विचारील. आमच्या नव्या कुत्रीचे नाव चंपी. माणूस आला तर तिचे भुंकणे एक, डुकरे आली तर दुसरे, आणि साप दिसला तर ती एका जागी उभी राहून तिसऱ्याच आवाजात ओरडते. हे तीन आवाज आम्ही शिकलो आहोत. गेल्या श्रावणात मुसळधार पावसाच्या रात्री ती गोठ्यातून दारापर्यंत आणि दारापासून गोठ्यापर्यंत केकाटत येरझारा घालू लागली. उठून पाहिले तर म्हैस दिवसांआधीच व्याली होती आणि रेडकू गोठ्याच्या मोरीत घसरून पाण्यात पडले होते. आणखी थोडा उशीर झाला असता तर ते हाती लागले नसते.

पण आमच्या लेखी मोठे फळ दुसरेच आहे. मोत्या गेल्यानंतर धाकटा कितीतरी दिवस कुणाशी धड बोलत नव्हता. आता चंपीच्या लसीची तारीख तोच सांभाळतो. तारखेच्या आदल्या रात्री तो न सांगता पट्टा धुऊन वाळत घालतो आणि सकाळी आमच्या आधी उठून दारात उभा राहतो. जीव लावणे म्हणजे कुरवाळणे नव्हे, वेळेवर उठणे होय, हे आम्ही त्याला शिकवले नाही. ते तो मोत्यापासून शिकला, आणि त्याच्याकडून आम्ही.

तेव्हा वाचकहो, पिल्लू जरूर आणा. पण ते दप्तरातून बाहेर काढण्याआधी कॅलेंडरवर लसीची तारीख आणि तिच्यापुढे घरातील एकाचे नाव लिहा.