गहू नाईलकाठचा, पोट रोमचं

आज आपण जाऊ इजिप्त देशातल्या अलेक्झांड्रिया या बंदरावर. भूमध्य समुद्राच्या काठावरचं हे शहर सिकंदराने इसवी सनापूर्वी ३३१ मध्ये वसवलं. नंतर तीनशे वर्षं ते ग्रीक वंशाच्या राजांची राजधानी होतं. शेवटची राणी क्लिओपात्रा. तिच्या रूपाच्या गोष्टी सगळे सांगतात, ती राज्यकारभार करणारी बाई होती हे कमी जण सांगतात. इ.स.पूर्व ३० मध्ये ती गेली आणि देश रोमच्या हाती गेला.

आता कारभारी रोमहून येऊ लागला. रोमच्या बड्या सरदारांना तर बादशहाच्या परवानगीशिवाय इजिप्तमध्ये पाऊल टाकायची मनाई होती. का? गव्हासाठी. नाईलकाठच्या खेड्यांत खळ्यावरच धान्य मोजून सरकारचा वाटा काढायचे. तो गाढवांवरून नदीवर, होड्यांतून अलेक्झांड्रियाला आणि मोठ्या जहाजांतून रोमला जायचा. पहिला बादशहा ऑगस्टस याच्या काळात रोममध्ये सुमारे दोन लाख लोकांना धान्य फुकट मिळत होतं. ज्याच्या हाती हे बंदर, त्याच्या हाती रोमचं पोट!

शहर मात्र गरीब झालं नाही, उलट भरभराटलं. काच, कागदासारखा पपायरस, कापड, सगळ्याचा व्यापार वाढला. तांबड्या समुद्रातल्या एकाच बंदरातून वर्षाला १२० जहाजं हिंदुस्थानाकडे सुटत, असं स्ट्राबो या ग्रीक लेखकाने लिहिलंय. त्याच काळातल्या एका व्यापाऱ्याच्या टिपणात आपलं पैठण आणि धाराशिव जिल्ह्यातलं तेर यांची नावं आहेत. तेरचं साधं आणि तलम कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जायचं. हिंदुस्थानातून आलेला माल वाळवंट ओलांडून, नदीने अलेक्झांड्रियाला पोचायचा. त्यावर सरकारची जकात किती? चौथा हिस्सा!

पण या भरभराटीत भार कुणावर होता? रोमने पुरुषांवर डोईपट्टी बसवली. अलेक्झांड्रियाच्या नागरिकांना ती माफ, खेड्यातल्या इजिप्शियन माणसाला नाही. बायकांना पट्टी नव्हती, पण त्यात समाधान मानण्यासारखं काही नव्हतं. कर थकवून पुरुष पळून गेला, की वसुलीवाला त्याच्या घरच्यांना धरायचा. बायको, मुलं, म्हातारे आईबाप यांना कसे हाल करून छळलं, ते अलेक्झांड्रियाच्याच फिलो नावाच्या लेखकाने लिहून ठेवलंय.

शहरालाही आपला शब्द चालवायचा होता. त्यांनी स्वतःची नगरसभा मागितली. इ.स. ४१ मध्ये बादशहा क्लॉडियसचं पत्र आलं: चौकशी करायला सांगतो. अर्जाला असं उत्तर आलं की काय समजायचं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. सभा मिळाली ती इ.स. २०० च्या सुमारास!

एक दार मात्र रोमच्या कायद्यानेच किलकिलं केलं. व्यवहाराला बाईबरोबर पुरुष पालक लागायचा. पण तीन मुलं असलेल्या, जन्मापासून स्वतंत्र असलेल्या रोमन नागरिक बाईला पालकाशिवाय व्यवहार करता येई. इ.स. २१२ मध्ये साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिकत्व मिळालं, तेव्हा लहान गावांतल्या बायकांनाही हा हक्क आला. इ.स. २६३ मध्ये इजिप्तच्या आतल्या भागातल्या ऑक्सिरिंकस गावच्या ऑरेलिया थाइसूस या बाईने प्रांताच्या मुख्य अधिकाऱ्याकडे अर्ज केला. मला तीन मुलं आहेत, शिवाय मला सहज लिहिता येतं, असं तिने त्यात मुद्दाम नोंदवलं. लिहिता येण्याची अट कायद्यात नव्हतीच, तरी तिने ते सांगितलं.

तो अर्ज अजून टिकून आहे. खाली कचेरीचा शेरा आहे: अर्ज दफ्तरी ठेवला जाईल.